दर मिनिटाला दोन लिटर हवा

मास्तरीण गेल्याचे कळले, तेव्हा मी आयोगाच्या कचेरीत खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात होतो, सगळ्यात खालच्या खणात. त्या कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून मला सगळे ऐकू आले.

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाणी उपसणारा नव्हे आणि सायकलच्या चाकात हवा भरणारा तर नव्हेच. मी हवा ओढतो. अंगाला लावायच्या साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर जेवढ्या होतील तेवढा माझा आकार. माझ्यातून एक रबरी नळी निघते. तिच्या टोकाला चपटी डबी असते आणि डबीत एक गोल पांढरा कागद असतो. मला कामगाराच्या कमरेला बांधतात, नळी पाठीवरून वर नेतात आणि डबी कॉलरला, नाकाच्या जवळ अडकवतात. मग मी त्या माणसाबरोबर दिवसभर श्वास घेतो. त्याच्या हवेत जी धूळ असेल ती कागदावर बसते. संध्याकाळी कागदाचे वजन करतात आणि त्या माणसाच्या छातीत रोज काय जाते आहे ते कळते.

त्या दिवशी दुपारी मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. गल्लीतले सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून त्यांची बायको मास्तरीण. ते दारातच उभे राहिले. आयोगाच्या तपास अधिकारी, ज्यांना सगळे नुसते मॅडम म्हणतात, त्या म्हणाल्या, "या मास्तर. आज एकटेच?"

"आता एकटाच येणार. ती मंगळवारी गेली."

मॅडमच्या हातातले पेन टेबलावर पडल्याचा आवाज मी ऐकला. मास्तरांनी दोन कागद पुढे ठेवले.

"हा दवाखान्याचा. हा तुमचा. दोन्ही एकाच दिवशी हातात पडले. वाचा."

"मास्तर, बसा आधी."

"वाचा म्हणतो ना. मला येतं वाचता. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मॅडमनी वाचले. दवाखान्याच्या कागदावर होते, मृत्यूचे कारण क्षय. आमच्या आयोगाच्या कागदावर होते, आपल्या तक्रारीकडे संबंधित विभागाचे लक्ष वेधण्यात आले आहे.

"अडीच वर्षं लक्ष वेधताय," मास्तर म्हणाले. "वेधलं म्हणता, मग ते बघतंय कुणीकडे?"

 मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. मला राग आला. तो अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, उजेडाच्या खोलीत झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका माझ्यासारखे पंप जोडत. माझ्यात एक छोटी मोटर बसवली, एक पातळ रबरी पडदा बसवला, बॅटरी घातली. मग माझी परीक्षा झाली. ती परीक्षा गमतीची असते. एक उभी काचेची नळी असते, तिच्या तळाशी साबणाचे पाणी. मी हवा ओढू लागलो की साबणाचा एक पापुद्रा त्या नळीतून वर चढतो. कितव्या सेकंदाला तो कोणत्या खुणेवर पोहोचला ते घड्याळ लावून बघतात. मला दर मिनिटाला दोन लिटर हवा ओढायची होती, ना थेंबभर कमी, ना थेंबभर जास्त. माझा पापुद्रा तीनदा बरोबर वेळेला खुणेवर आला. त्या बाईने माझ्या पाठीवर क्रमांक चिकटवला आणि प्रमाणपत्र लिहिले. ते एका वर्षाचे होते. पडदा सैल पडतो, मोटर थकते, म्हणून दर वर्षी साबणाची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. हे मला मान्य आहे. दुसऱ्याचे माप काढणाऱ्याने आधी स्वतःचे माप तपासून घ्यावे. ह्या परीक्षेला किती वेळ लागतो, माहीत आहे? दहा मिनिटे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण ह्या दहा मिनिटांसाठी पुढे काय काय झाले ते मी सांगणार आहे.

मला आयोगाने घेतले. आयोग म्हणजे काय, ते सांगतो. देशात सरकार असते, पोलीस असतात, न्यायालये असतात. तरी गरीब माणसाचा हक्क कोणी पायदळी तुडवला तर त्याला जवळची, न घाबरता जाता येईल अशी एक कचेरी हवी, जी सरकारचीही नाही आणि मालकाचीही नाही. तिने ऐकावे, जाऊन बघावे आणि खरे काय ते सांगावे. आमची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या कठड्याला हात लावला की रंग हाताला लागायचा. पण तेव्हा आत पाच तपास अधिकारी होते आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. मला विकत घेण्याचा हट्ट त्यांचाच. ते म्हणायचे, "जगण्याचा हक्क, आरोग्याचा हक्क, हे शब्द भाषणात छान दिसतात. मोजून दाखवा. मोजलं की समोरच्याला पळता येत नाही."

ती माझी चांगली वर्षे. मी रंगाच्या कारखान्यात गेलो, कापूस पिंजणाऱ्यांकडे गेलो, कचरा निवडणाऱ्यांबरोबर उभा राहिलो. दोन ठिकाणी माझा आकडा बघून मालकांनी मुकाट्याने धूळ ओढणारी यंत्रे बसवली. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू? मला वाटले, आता आपण आहोत आणि धूळ आहे, बघून घेऊ.

मग अध्यक्ष निवृत्त झाले. त्यांची खुर्ची चौदा महिने रिकामी राहिली. पाच अधिकाऱ्यांचे तीन झाले आणि तिनांची एक झाली, त्या आमच्या मॅडम. मित्रांनो, लोकांचे संरक्षण करणारी कचेरी कोणी टाळे ठोकून बंद करत नाही. तसे केले तर बोंबाबोंब होते. म्हणून पाटी तशीच ठेवतात, दरवर्षी तिला रंग देतात आणि आतली माणसे काढून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, आहे की आयोग!

आणि आयोगाच्या कायद्यातच एक खोट होती. ती आधीपासून होती, पण जुन्या अध्यक्षांच्या दराऱ्यामुळे कोणाला दिसत नव्हती. कोणी माणसाला कोठडीत मारले, तर आयोग त्याला समोर उभे करू शकत होता. पण काम, आरोग्य, अन्न, घर ह्यांच्या बाबतीत आयोगाने फक्त 'संबंधित विभागाचे लक्ष वेधावे' असे लिहिले होते. म्हणजे काठीने मारले तर ते मारणे. धूळ पाजून मारले तर ते मारणे नव्हे, ती एक लक्ष देण्याजोगी बाब. शिवाय कोणत्याही कारखान्यात शिरण्यापूर्वी आयोगाने सात दिवस आधी कळवले पाहिजे, असेही त्यात होते. चोराला 'मंगळवारी येतो हं' असे सांगून धाड घालायची.

अशा दिवसांत मास्तरीण आली. बरोबर तिची धाकटी बहीण होती. तिला सगळे धाकटीच म्हणत. दोघी गारेचा दगड दळण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. गारेचा दगड म्हणजे पांढरी, चकचकीत गारगोटी. तिचे पिठासारखे बारीक पीठ करतात, ते काचेत लागते, फरशीत लागते. चक्कीच्या खाली बारा लोखंडी तोंडे होती. प्रत्येक तोंडाशी एक बाई. तोंडाला गोणी लावायची, दांडा ओढायचा, गोणी भरली की शिवायची आणि ढकलायची. दांडा ओढला की पिठाचा भपकारा थेट तोंडावर.

मास्तरीण खुर्चीत बसली आणि आधी तिने खुर्चीच्या पाठीला आपली पाठ लागणार नाही अशी काळजी घेतली.

"अहो, टेका नीट," मॅडम म्हणाल्या.

"नको. मी जिथे टेकते तिथे रांगोळी उमटते. घरी तर हे मला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, आधी झटकून ये म्हणतात. गिऱ्हाइकांचे काळे कपडे शिवायला असतात ना, त्यांवर माझे हात उठतात."

"तक्रार काय आहे?"

"खोकला आहे. मला आहे, हिला नाही अजून. आमच्या रांगेतल्या तिघी गेल्या. तिघींच्या कागदावर क्षय लिहिलं. मॅडम, क्षय कसा बरोबर एका रांगेतून चालत येतो? पहिल्या तोंडाशी होती ती गेली, दुसऱ्या तोंडाशी होती ती गेली, तिसरीही गेली. मी चौथ्या तोंडाशी आहे. ही पाचव्या."

धाकटी म्हणाली, "ताई, असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? गाणं म्हणू?"

मास्तरणीला स्वतःसाठी फारसे काही नको होते. तिला चक्कीच्या तोंडांवर धूळ ओढणारे यंत्र हवे होते. दूरच्या एका गावी, दुसऱ्या कारखान्यात तिने ते पाहिले होते. प्रत्येक तोंडावर एक उलटे नसराळे, त्याला जाड नळी, धूळ उठायच्या आत ओढून घेतात. "माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय," ती म्हणाली. "हिचं वाचवा. ही काम सोडत नाही. सोडून जाणार कुठे? आमच्या भागात धुराडं एवढं एकच आहे."

मॅडमनी नियमाप्रमाणे सात दिवस आधी पत्र पाठवले आणि आठव्या दिवशी मला घेऊन गेल्या. मी कारखाना पाहून थक्क झालो. जमीन धुतलेली होती. दगडांवर पाण्याचे फवारे चालू होते. चक्की अशी मंद फिरत होती, जणू तिला झोप येत होती. बाराही बायकांच्या तोंडावर कोऱ्या पट्ट्या. मला मुकादमाने स्वतः निवडलेल्या बाईच्या कमरेला बांधले आणि तिला दारापाशी उभे केले. मी दिवसभर ओढत राहिलो. संध्याकाळी माझा कागद जवळजवळ कोरा. आकडा मर्यादेच्या आत.

"बघा, विनाकारण बदनामी," मुकादम म्हणाला.

माझी एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मी खोटे बोललो नव्हतो. पण मला खोट्या जागी उभे केले होते, आणि माझ्या खरेपणाचा शिक्का त्या खोट्यावर बसला होता.

मॅडमनी चार दिवस कायदा वाचला. मग त्यांनी मास्तरणीला बोलावले. "आयोगाच्या माणसाने आत शिरायचं तर सात दिवस आधी कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तर रोजच शिरता. तुमच्या कमरेला काय असावं, ह्याबद्दल कायद्यात काही नाही."

मास्तरीण हसली. हसता हसता खोकली, आणि पुष्कळ वेळ खोकत राहिली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. एक खोली, तिचा अर्धा भाग शिलाई मशीनने व्यापलेला. माझी अडकवण्याची पट्टी पुरुषांच्या चामडी पट्ट्यासाठी केलेली, मास्तरणीच्या कमरेला ती बसेना. मास्तरांनी टेप घेतला.

"सरळ उभी राहा."

"पंचवीस वर्षांत माझं माप घेतलं नाहीत कधी. आज मशिनीसाठी घेताय."

"तुझं माप मला तोंडपाठ आहे." त्यांनी टेप कमरेभोवती गुंडाळला, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. "चार इंच कमी झालीस."

"म्हणजे कापड वाचलं तुमचं."

 मास्तरांनी जाड कापडाचा दुहेरी पट्टा शिवला, त्याला मला ठेवायला एक खिसा केला आणि नळी ओवायला पाठीवर तीन कापडी कड्या. माझ्यासाठी कोणी काही शिवण्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तिच्या ॲप्रनखाली कामाला लागलो. पाण्याचे फवारे बंद. कोऱ्या पट्ट्या गायब. चक्की आता जागी होती आणि अशी गरजत होती की माझी गुरगुर कोणाला ऐकू येणे शक्य नव्हते. दांडा ओढला की समोर काही दिसत नसे. पाचव्या तोंडाशी असलेली धाकटी दिसायची नाही, नुसती तिची खूण दिसायची, माणसाएवढी पांढरी.

दहाच्या सुमारास मुकादमाला पट्ट्याचा फुगवटा दिसला. "हे काय गं कमरेला?"

"बीपीचं मशीन. डॉक्टरांनी दिवसभर लावायला सांगितलंय. कुणी माझ्यावर ओरडलं की आकडा वर जातो आणि किती वाजता ओरडलं ते त्यात उमटतं."

मुकादम मागे सरकला. त्या दिवशी तो एकदाही कोणावर ओरडला नाही. जेवणाच्या सुट्टीत बाराही बायका तोंडे दाबून हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तरीण, उद्या माझ्या कमरेला बांध. माझा नवराही गप्प बसतो का बघू."

मित्रांनो, आठ तासांत मी जवळजवळ एक घनमीटर हवा ओढली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी मनात आणा. तेवढी. मास्तरीण त्याच आठ तासांत गोण्या ढकलत होती, तिने माझ्या आठ-दहा पट ओढली. मी ओढलेली धूळ कागदावर बसली. संध्याकाळी मॅडमनी चिमट्याने तो कागद काढला आणि नवा घातला. मी पुन्हा कोरा झालो. तिचा कागद कोण बदलणार होते? अकरा वर्षांची धूळ तिच्या आत एकाच कागदावर बसत होती.

कागदाचे वजन झाले. धूळ मर्यादेच्या चौदापट निघाली.

मला वाटले, जिंकलो. जुने अध्यक्ष म्हणायचे ना, मोजलं की समोरच्याला पळता येत नाही? पण समोरचा पळाला, आणि तो ज्या वाटेने पळाला ती वाट आम्हीच उघडी ठेवली होती.

माझे वर्षाचे प्रमाणपत्र त्या दिवसाच्या नऊ दिवस आधी संपले होते. मॅडम निष्काळजी नव्हत्या. दोन महिने आधीच त्यांनी मला परीक्षेसाठी पाठवले होते. पण ती परीक्षा घेण्याचा अधिकार असलेली प्रयोगशाळा देशात एकच, आणि ती उद्योग खात्याची. ज्या खात्याच्या डोळ्यांदेखत तो कारखाना चालला होता, त्याच खात्याची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. प्रयोगशाळेने मला खोक्यातून बाहेरही न काढता परत पाठवले. सोबत पत्र होते, आयोगाचे नाव मान्य संस्थांच्या यादीत आता नाही. यादीत नाव घालायचे तर उद्योग खात्याच्या सचिवांची सही लागते. मॅडमनी सहीसाठी पत्र पाठवले. उत्तर नाही.

मग मॅडमनी स्वतः माझी परीक्षा घेतली. काचेची नळी आणली, साबणाचे पाणी केले, घड्याळ लावले. तीनदा. माझा पापुद्रा तीनही वेळा बरोबर खुणेवर आला. मी आजही तितकाच खरा आहे. आणि मग मॅडमनी ती चूक केली, जी फक्त अशा कचेरीतले माणूस करते. अहवालात त्यांनी सगळे जसेच्या तसे लिहिले. प्रमाणपत्र कोणत्या तारखेला संपले, परीक्षा कोणी घेतली नाही, आपण स्वतः कशी घेतली. शेजारच्या कचेरीतल्या कारकुनाने सांगितले होते, "मॅडम, तारीख लिहूच नका. कोण बघतंय?" मॅडम म्हणाल्या, "आपण दुसऱ्यांच्या लपवाछपवीवर बोट ठेवतो. मग आपण लपवायचं कसं?"

अहवालावर उद्योग खात्याने सुनावणी ठेवली, तिथे मला टेबलावर ठेवले होते. कंपनीच्या वकिलांनी मला दोन बोटांनी उचलले, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसे.

"ह्या यंत्राचं प्रमाणपत्र संपलेलं आहे. हे आयोगानेच कबूल केलंय. तेव्हा ह्या आकड्याला आकडाच म्हणता येणार नाही."

मास्तरीण मागच्या बाकावरून उठली. मास्तर तिचा हात धरून खाली ओढत होते. तिने हात सोडवला.

"वकीलसाहेब, मशिनीचं प्रमाणपत्र मोजणीच्या नऊ दिवस आधी संपलं. म्हणजे दहा दिवस आधी धूळ खरी होती आणि त्या दिवशी खोटी झाली?"

"बाई, तुम्हाला तांत्रिक बाजू कळणार नाही."

"नाहीच कळणार. तुम्ही एक दिवस माझ्या तोंडाशी उभे राहा, मग मला समजावून सांगा. आवाज निघाला तर."

लोक हसले. उद्योग खात्याचे अधिकारीही हसले आणि मग त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिले. महिन्याने त्यांचे उत्तर आले. मोजणी ग्राह्य धरता येत नाही, आयोगाने प्रमाणित यंत्राने पुन्हा मोजणी करावी, दरम्यान आयोगाच्या शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे.

प्रमाणित यंत्राने! ज्यांनी प्रमाणपत्र अडवले, त्यांनीच सांगितले, प्रमाणपत्र आणा. मुलांनो, तुमच्या वर्गात कोणी तुमची वही लपवून ठेवली आणि मग वही दाखव म्हणून तुम्हालाच उभे केले, तर तुम्ही काय कराल? तुम्ही ओरडाल. आमच्या मॅडमनी पत्र लिहिले. त्यांनी अठरा पत्रे लिहिली. कायद्याने त्यांच्या हातात तेवढेच दिले होते. आणि मला खालच्या खणात ठेवले.

त्या खणात मी दीड वर्ष होतो. मास्तरीण अधूनमधून येत असे. आधी ती तीन मजले चढायची. मग दुसऱ्या मजल्यावर थांबून चढू लागली. मग प्रत्येक पायरीवर. शेवटी शेवटी मास्तर एकटेच वर येत आणि ती खाली पायरीवर बसून राही. वर आले की मास्तर खिडकीतून ओरडत, "आलोच गं, काही नाही आज!" आणि खालून तिचा आवाज यायचा, "मग चहा तरी पिऊन या त्यांच्याकडचा!" पुढे तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेनासा झाला. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या देत होते. ज्याला क्षय नाही त्याला क्षयाच्या गोळ्या. तिने डॉक्टरांना विचारले होते, "माझ्या कागदावर दगड लिहा ना." डॉक्टर म्हणाले होते, "तसं लिहायला कारखान्याची मोजणी लागते."

मोजणी त्या कपाटात होती. माझ्या शेजारच्या फायलीत, चौदापट.

आता तुम्हाला कळले असेल की मास्तर ते दोन कागद घेऊन आले तेव्हा मला काय झाले. मॅडमनी ते वाचल्यावर मास्तर कपाटाजवळ आले. मग म्हणाले, "पंप द्या. धाकटीच्या कमरेला बांधतो. पट्टा आहे घरी, थोडा ढिला करीन."

"बांधू या. पण आकडा पुन्हा फेकून देतील, मास्तर."

"मग काय करायचं ते सांगा. रडायचं असेल तर मी घरी रडतो. इथे कशाला तीन मजले चढू?"

मॅडमनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. तो त्यांनी पुष्कळ दिवसांपूर्वी लिहून ठेवला होता आणि नोकरी जाईल ह्या धाकाने पुढे पाठवला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितले. कायदा बदलण्याची ती मागणी होती. त्यात तीन गोष्टी होत्या. आयोगाच्या यंत्रांची परीक्षा आयोगाला घेता यावी, किंवा कोणत्याही खात्याच्या हाताखाली नसलेल्या प्रयोगशाळेने घ्यावी. आयोगाला न सांगता कारखान्यात शिरता यावे. आणि माणसाच्या कामाबद्दल, आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल, घराबद्दल आयोगाने सांगितलेले, कोठडीतल्या मारहाणीबद्दल सांगितलेल्याइतकेच ऐकावे लागावे.

"हे आधी का नाही पाठवलंत?" मास्तरांनी विचारले.

"घाबरले. एकटीच उरलेय इथे. मला काढलं तर कुलूपच लागेल, असं वाटलं."

"कुलूप लागलं असतं तर निदान लोकांना कळलं असतं. आम्ही उघडं दार बघून येत राहिलो."

मॅडमनी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. मास्तरांनी सही केली. मग तो कागद घेऊन ते कारखान्याच्या फाटकाशी गेले आणि कामावरून सुटणाऱ्या बायकांच्या सह्या घेतल्या. अकराजणींनी केल्या. पाचव्या तोंडाच्या धाकटीने सगळ्यात आधी. चौथ्या तोंडाशी एक नवी मुलगी लागली आहे, तिनेही केली. एकीने नाही केली, तिचा नवरा मुकादमाच्या हाताखाली आहे. मास्तर तिला काही बोलले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मीही म्हणतो. माझा पडदा बदला, बॅटरी तपासा, वर्षाला दहा मिनिटे द्या. पण नुसती माझी निगा राखून भागणार नाही. ज्या कचेरीने मला कपाटात ठेवले तिचीही निगा राखावी लागते, आणि ती तिच्या भिंतींना रंग देऊन राखली जात नाही. मोठे झालात की अशा प्रत्येक पाटीच्या आत जा आणि विचारा, तुम्हाला न सांगता कारखान्यात शिरता येते का? तुमचे माप कोण तपासतो, आणि तो कोणाच्या हाताखाली आहे? तुम्ही खरे सांगितले तर ते कोणाला ऐकावेच लागते का? उत्तर 'नाही' आले तर तिथे शांत बसू नका. मास्तर पंचवीस वर्षे शांत माणूस म्हणून ओळखले जात होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ती मागणी सभागृहाच्या समितीकडे गेली आहे. समितीची बैठक दोनदा ठरली आणि दोनदा पुढे ढकलली गेली. प्रयोगशाळेच्या यादीत आयोगाचे नाव नाही. माझी परीक्षा झालेली नाही. उद्या सकाळी आठ वाजता धाकटी पाचव्या तोंडाशी उभी राहील आणि दांडा ओढेल. त्या तोंडावर धूळ ओढणारे यंत्र अजून कोणीही बसवलेले नाही.